कॅरिबियन बेटांचा शेजारधर्म

ग्रेनाडाचे पंतप्रधान डिकन मिचेल यांनी १ जुलै २०२४ रोजी 'कॅरिकॉम' या कॅरिबियन राष्ट्रसमूहाचे फिरते अध्यक्षपद स्वीकारले. समूहाची शिखर परिषद त्यांच्याच देशात दोन दिवसांनी भरावयाची होती. नेमक्या त्याच दिवशी 'बेरिल' हे चक्रीवादळ ग्रेनाडाच्या अखत्यारीतील कारियाकू बेटावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. अर्ध्या तासात बेट सपाट झाले, असे खुद्द मिचेल यांनीच नंतर सांगितले. परिषद अर्थातच पुढे ढकलावी लागली आणि महिनाअखेरीस ती भरली तेव्हा तिच्या कामकाजावर वादळाचीच छाया होती. दुसऱ्याच दिवशी बेरिलने सर्वोच्च, म्हणजे पाचवी श्रेणी गाठली. अटलांटिक महासागरात हंगामाच्या इतक्या आरंभी या श्रेणीचे वादळ त्यापूर्वी नोंदले गेले नव्हते. यजमान देश उद्ध्वस्त झाला आणि पाहुणे म्हणून येणारे देश मदतकर्ते झाले. कॅरिबियन राजकारणाचे स्वरूप सांगायला हा एक प्रसंग पुरेसा आहे.

या राजकारणाकडे भारतीय वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. वेस्ट इंडीज हे नाव त्याच्या ओळखीचे आहे ते क्रिकेटमुळे. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने तेथे मिळविलेल्या मालिकाविजयाची आठवण अजून निघते. पण वेस्ट इंडीज नावाचे राष्ट्र जगाच्या नकाशावर नाही, हे त्या ओघात विसरले जाते. तसे राष्ट्र घडविण्याचा प्रयत्न मात्र झाला होता. १९५८ मध्ये ब्रिटिश अमलाखालील दहा वसाहतींचे संघराज्य स्थापन झाले. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेऊन बाहेर पडण्याचा कौल दिला. तेव्हा दहातून एक वजा केला की शून्य उरते, असे गणित त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स यांनी मांडले आणि १९६२ मध्ये संघराज्य विसर्जित झाले. ज्या चागुआरामस येथे संघराज्याची राजधानी उभारावयाची होती, तेथे त्या काळी अमेरिकेचा नाविक तळ होता. त्याच चागुआरामसमध्ये १९७३ मध्ये कॅरिकॉमच्या करारावर सह्या झाल्या. सार्वभौमत्व प्रत्येकाने आपापले राखायचे आणि जे एकट्याने जमत नाही तेवढेच एकत्र करायचे, असा तो व्यवहारी मार्ग होता. क्रिकेटचा संघ आणि वेस्ट इंडीज विद्यापीठ यांच्या बरोबरीने या सामाईक संसारात हळूहळू तिसरी गोष्ट आली, ती आपत्तीनिवारणाची.

१९९१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रादेशिक यंत्रणा स्थापन झाली. २००९ पासून ती 'सीडेमा' या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय बार्बाडोसमध्ये आहे. तिची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली आहे. जमैका, अँटिग्वा, बार्बाडोस आणि त्रिनिदाद या चार ठिकाणी उपप्रादेशिक केंद्रे असून प्रत्येकाकडे आसपासचे देश वाटून दिलेले आहेत. डॉमिनिका, सेंट ल्युसिया आणि सेंट व्हिन्सेंट यांच्यावर संकट आले की पहिली जबाबदारी बार्बाडोसची. ग्रेनाडा, गयाना आणि सुरिनाम यांची त्रिनिदादची. बहामाज, बेलीझ आणि हैती यांच्याकडे जमैकाने पाहायचे. कोणी कोणाच्या मदतीला धावायचे हे वादळ येण्यापूर्वीच ठरलेले असते. ज्या देशाचे विमानतळ, दूरध्वनी आणि मंत्रालयाचे छप्पर एकाच रात्रीत जाऊ शकते, त्या देशाला 'आमच्याकडे मदत पाठवा' असा निरोप देण्याचीही सोय उरत नाही. २००४ च्या सप्टेंबरात 'आयव्हन' वादळाने ग्रेनाडातील सुमारे ९० टक्के घरांचे नुकसान केले, पंतप्रधानांचे निवासस्थान उद्ध्वस्त झाले, तुरुंगातून कैदी निघून गेले आणि बंदोबस्तासाठी शेजारी देशांचे जवान आणावे लागले. १८ सप्टेंबर २०१७ रोजी 'मारिया' वादळाने डॉमिनिकाचे पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या घराचे छप्पर उडाले, तेव्हा स्वतःची हकीकत त्यांनी त्याच रात्री फेसबुकवरून जगाला सांगितली. नंतर डॉमिनिकाचा बाह्य जगाशी संपर्कच तुटला.

आयव्हन वादळाने ग्रेनाडाचे जे नुकसान केले, त्याचा अंदाज देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट होता. मारियाने डॉमिनिकाचे सुमारे १३० कोटी डॉलरचे नुकसान केले, म्हणजे उत्पन्नाच्या २२६ टक्के. दोन वर्षेच आधी 'एरिका' या तुलनेने सौम्य वादळाने तेथेच उत्पन्नाच्या ९० टक्के इतकी हानी केली होती. भारतासारख्या देशात एखाद्या राज्यावर वादळ आले तर केंद्राच्या तिजोरीवर ताण येतो. तिजोरी नष्ट होत नाही. ओडिशा संकटात असताना पंजाबात पीक उभे असते. पाऊण लाख लोकवस्तीच्या डॉमिनिकाला असा पंजाब नाही. केळीच्या बागा, हॉटेले, वीजवाहिन्या आणि कर भरणारी माणसे एकाच वेळी आडवी होतात आणि नेमक्या त्याच महिन्यात सरकारला सर्वाधिक पैशाची गरज असते. विमा कंपन्यांकडे एकट्याने जावे तर हप्ता परवडत नाही. मदत जाहीर होते ती परिषदांमध्ये, आणि हाती येते ती कित्येक महिन्यांनी.

आयव्हननंतर कॅरिकॉमच्या नेत्यांनी जागतिक बँकेकडे या प्रश्नावर तोडगा मागितला. त्यातून २००७ मध्ये देशादेशांनी मिळून चालविलेला जगातील पहिला आपत्तीविमा कोश उभा राहिला. 'सीसीआरआयएफ' हे त्याचे संक्षिप्त नाव. कल्पना आपल्याकडील भिशीच्या जवळ जाणारी आहे. सर्वांनी हप्ता भरावयाचा आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने रक्कम उचलावयाची. एकच वादळ सर्व बेटांवर एकाच वर्षी तितक्याच ताकदीने आदळत नाही, या निसर्गनियमावर तिचा जमाखर्च बसतो. कॅनडा, युरोपीय संघ, ब्रिटन आदींनी आरंभीचे भांडवल दिले आणि कोशाने स्वतःचा पुनर्विमा आंतरराष्ट्रीय बाजारात उतरविला. भरपाई ठरवायला निरीक्षक येत नाहीत, पडलेली घरे मोजली जात नाहीत. वाऱ्याचा वेग, पावसाचे प्रमाण, भूकंपाची तीव्रता यांचे आकडे एका गणिती प्रतिमानात घातले जातात आणि ठरलेली पातळी ओलांडली गेली तर चौदा दिवसांच्या आत पैसे सरकारच्या खात्यात जमा होतात. बेरिलनंतर ग्रेनाडाला या मार्गाने सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. आयव्हनच्या वेळी हात पसरावे लागलेल्या देशाच्या दृष्टीने वीस वर्षांतील हा बदल लहान नव्हे.

या यंत्रणेतील उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. २०१५ मध्ये एरिकाने डॉमिनिकाचे सुमारे ४८ कोटी डॉलरचे नुकसान केले. कोशाकडून मिळाले ते २४ लाख. २०१९ मध्ये 'डोरियन' वादळाने बहामाजला ३४० कोटी डॉलरचा फटका दिला. भरपाई दीड कोटीपर्यंतही पोचली नाही. विमा जितका उतरविला तितकाच मिळणार आणि हप्ता जितका परवडतो तितकाच विमा उतरविला जाणार, हा व्यवहार आहे. शिवाय गणित हे गणितासारखे वागते. जमैकाने जागतिक बँकेमार्फत १५ कोटी डॉलरचा आपत्ती रोखा काढला होता. बेरिलने जुलै २०२४ मध्ये जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याची धूळधाण केली, पण वादळाच्या केंद्रातील हवेचा दाब रोख्याच्या अटीत लिहिलेल्या पातळीइतका खाली गेला नाही म्हणून एक डॉलरही मिळाला नाही. घरावर छप्पर नसलेल्या माणसाला वायुदाबाचे कोष्टक समजावून सांगणे हे कोणत्याही अर्थमंत्र्याला अवघडच जाणार.

पुढच्याच वर्षी त्या रोख्याची दुसरी बाजू दिसली. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी 'मेलिसा' हे पाचव्या श्रेणीचे वादळ जमैकाच्या नैर्ऋत्य भागात उतरले. जमैकाच्या भूमीवर याहून प्रबळ वादळ आल्याची नोंद नाही. या वेळी रोख्याचे सर्वच्या सर्व १५ कोटी डॉलर मिळाले आणि सीसीआरआयएफने दोन हप्त्यांत आणखी सुमारे ९ कोटी २० लाख दिले. जमैकाने गेल्या दशकभरात आपली कर्जे निम्म्याच्या आसपास आणली, आपत्तीसाठी राखीव निधी ठेवला, त्यावर विमा आणि त्यावर रोखा असे थर रचले. कोणत्याही शिस्तप्रिय अर्थतज्ज्ञाने पाठ थोपटावी असेच ते काम होते. तरी सर्व विम्याची बेरीज २४ कोटी डॉलरच्या आसपास आणि जागतिक बँक व आंतर-अमेरिकी विकास बँकेने केलेला हानीचा अंदाज ८८० कोटींचा, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या ४१ टक्के. विम्याने भरून निघाले ते तीन टक्क्यांहूनही कमी. उरलेल्यासाठी नाणेनिधी, जागतिक बँक आणि प्रादेशिक बँकांनी मिळून तीन वर्षांत ६७० कोटी डॉलरपर्यंतचे साहाय्य जाहीर केले. त्याचा मोठा भाग कर्जरूपाने येणार आहे. दहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन फेडलेले कर्ज एका दुपारच्या वादळाने परत दाराशी आणून उभे केले.

बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांचे राजकारण नेमके या ठिकाणी सुरू होते. २०२२ मध्ये त्यांनी 'ब्रिजटाउन पुढाकार' या नावाने मांडलेल्या मागण्यांत दानधर्माची याचना नाही. कर्जाचे नियम बदला, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. आपत्ती आली की कर्जाचे हप्ते आपोआप थांबावेत, असे कलम प्रत्येक करारात असावे, ही त्यांतील सर्वांत व्यवहार्य मागणी. बार्बाडोसने स्वतःच्या कर्जफेररचनेत ती आधीच अमलात आणली होती. ग्रेनाडाने त्याआधी, २०१५ मध्येच, आपल्या रोख्यांत 'वादळ कलम' घालून घेतले होते. बेरिलनंतर ते प्रथमच वापरले गेले आणि रोखेधारकांना द्यावयाचे पुढचे दोन सहामाही हप्ते लांबणीवर पडले. न्यूयॉर्कमधील गुंतवणूकदारांवर आकाश कोसळले नाही. एका लहान बेटाने घालून दिलेला पायंडा दुसऱ्याने उचलावा, तिसऱ्याने त्याचे जागतिक धोरण करावे आणि मग ब्रिटन, जागतिक बँक यांसारख्या सावकारांनी आपल्या कर्जांत तो स्वीकारावा, हा प्रवास कोणत्याही शिखर परिषदेच्या संयुक्त निवेदनापेक्षा अधिक मोलाचा आहे.

पैसा आणि जवान यांच्या बाबतीत दिसणारा शेजारधर्म माणसांना घरात घेण्याच्या वेळी मात्र चाचरतो. येथे चित्र संमिश्र आहे. २०१७ च्या सप्टेंबरात 'इर्मा' वादळाने बार्बुडा बेट झोडपल्यानंतर तेथील सर्व रहिवाशांना अँटिग्वात हलविण्यात आले. तीन शतकांत प्रथमच बेट निर्मनुष्य झाले. बेटे दोन असली तरी देश एकच. तरीही लोक अँटिग्वातील निवाऱ्यांत असतानाच बार्बुडाच्या सामूहिक जमीनधारणेचा कायदा बदलण्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि पुढे तो रद्द झाला. गुलामगिरीच्या अंतापासून चालत आलेला हा हक्क गेल्यावर धनिकांची विश्रामगृहे व विमानतळ यांना वाट मोकळी झाली, असा बार्बुडावासीयांचा आक्षेप आहे आणि त्यातून उभे राहिलेले वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. मारियानंतर डॉमिनिकातील कित्येक कुटुंबे शेजारी बेटांवर गेली. पूर्व कॅरिबियन राष्ट्रांच्या छोट्या संघात मुक्त संचाराचा हक्क आधीच मान्य झालेला असल्याने त्यांना परवान्यासाठी ताटकळावे लागले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बार्बाडोस, बेलीझ, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट या चार देशांनी परस्परांच्या नागरिकांना कायम वास्तव्याची व नोकरीची मुभा दिली. वादळांच्या पट्ट्यात ही मुभा म्हणजे एक प्रकारचा विमाच.

हैतीला ही दारे बंद आहेत. २००२ मध्ये हैती कॅरिकॉमचा सदस्य झाला. समूहातील इतर सर्व देशांची मिळून जेवढी लोकसंख्या, तिच्याहून अधिक एकट्या हैतीची आहे. नेमकी तीच इतरांची धास्ती आहे. डोरियनने बहामाजच्या अबाको बेटावरील झोपडवस्ती नष्ट केली, तिच्यात राहणारे बहुतेक हैतीहून आलेले मजूर होते. वादळ सरल्यावर काही आठवड्यांतच सरकारने बेकायदा स्थलांतरितांना परत पाठविणे सुरू केले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने केलेली विनंती उपयोगी पडली नाही. मेलिसा वादळ हैतीच्या भूमीवर उतरलेदेखील नव्हते. केवळ त्याच्या पावसाने तेथे ४० हून अधिक माणसे मेली. थेट मारा झालेल्या जमैकातही मृतांची संख्या ४० च्या पुढेच होती. जमैकात इशारे वेळेवर पोचले, निवारे उघडले गेले. टोळ्यांच्या ताब्यात राजधानी असलेल्या हैतीत तसे करायला सरकारच पुरेसे नव्हते. वादळाची श्रेणी वायुवेगावरून ठरते. बळींची संख्या ठरते ती शासनावरून.

परराष्ट्र धोरणाची कसोटी याहून कठीण आहे. या बेटांच्या रुग्णालयांत कित्येक वर्षे क्युबाचे डॉक्टर काम करीत आले आहेत आणि वादळानंतर अनेकदा तेच प्रथम पोचतात. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने या वैद्यकीय पथकांशी संबंधित परदेशी अधिकाऱ्यांवर व्हिसाबंदीचा इशारा दिला. मॉटली यांच्यासह काही पंतप्रधानांनी, व्हिसा गेला तरी बेहत्तर, अशी भूमिका घेतली. पण त्याच वर्षी व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत अमेरिकी नौदलाने संशयित नौकांवर हल्ले सुरू केले तेव्हा एकजूट टिकली नाही. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅरिकॉमने कॅरिबियन हे शांतताक्षेत्र राहावे असे निवेदन काढले. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांचे सरकार अमेरिकेच्या बाजूने उभे राहिले आणि त्या निवेदनापासून अलिप्त झाले. त्यानंतर दहाच दिवसांनी मेलिसा आले. मदतकार्याचे गट ठरल्याप्रमाणे कामाला लागले. राजनैतिक मतभेदांमुळे त्यांचे काम अडले नाही. वादळाच्या दिवसांत हा भेद बाजूला राहतो, हे समाधानाचे आहेच. तो हंगामाबाहेर किती वाढेल, ही चिंता उरते. एरिक विल्यम्स यांचे वजाबाकीचे गणित त्यांच्याच देशाच्या संदर्भात पुन्हा मांडावे लागणे ही काळाची थट्टाच म्हणायची. त्यातच गयाना या सदस्य देशात, जेथे कॅरिकॉमचे मुख्यालय आहे, २०१९ च्या अखेरीपासून खनिज तेल निघू लागले आणि त्याचे उत्पादन आता दररोज सहा लाख पिंपांच्या पुढे गेले आहे. शेजाऱ्यांना बुडविणारे इंधन विकून शेजाऱ्यांना मदत करण्यातील विसंगती जॉर्जटाउनमध्ये कोणी फारशी बोलून दाखवीत नाही. जे देश आयुष्यभर तेल जाळून श्रीमंत झाले त्यांनी आम्हाला उपदेश करू नये, हे गयानाचे उत्तर आहे आणि दिल्लीला ते परिचित वाटावे.

दिल्लीचा या विषयाशी संबंध येथूनच गुंतागुंतीचा होतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी जॉर्जटाउन येथे भारत-कॅरिकॉम शिखर बैठक झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यासह तिचे सहअध्यक्षपद ज्यांनी भूषविले, ते बेरिलने झोडपलेल्या ग्रेनाडाचे मिचेलच होते. त्याआधी २०१९ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या पहिल्या बैठकीत भारताने सौरऊर्जा व हवामानविषयक प्रकल्पांसाठी १५ कोटी डॉलरचे कर्जसाहाय्य जाहीर केले होते. आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी भारताने २०१९ मध्ये जी आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन केली, तिचे मुख्यालय दिल्लीत आहे आणि बेटांसाठीचा तिचा खास कार्यक्रम २०२१ मध्ये ग्लासगो येथे सुरू झाला. मेलिसानंतर हवाई दलाच्या विमानाने सुमारे २० टन मदतसामग्री जमैका व क्युबाकडे रवाना झाली. हे सारे खरे आहे. पण जॉर्जटाउनमध्ये मैत्रीच्या आणाभाका चालू असताना त्याच आठवड्यात बाकू येथे हवामान परिषद रेंगाळली होती आणि तेथे भारत व बेटे वेगवेगळ्या भाषेत बोलत होते. श्रीमंत देशांनी देऊ केलेले वार्षिक ३०० अब्ज डॉलर अपुरे आहेत, यावर दोघांचे एकमत होते. बेटांचे प्रतिनिधी बैठकीतून उठून गेले, भारताने ठराव संमत होताच आक्षेप नोंदविला. मात्र उत्सर्जन कोणी किती आणि केव्हा घटवायचे, या प्रश्नावर बेटांचे बोट केवळ वॉशिंग्टन व ब्रुसेल्सकडे रोखलेले नसते. ते बीजिंग आणि दिल्लीकडेही वळते. २००९ मध्ये कोपनहेगनला तुवालूने नव्या बंधनकारक कराराची मागणी केली तेव्हा विरोध करणाऱ्यांत भारत होता. २०२१ मध्ये ग्लासगोत कोळशाचा वापर 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करण्याचा शब्द भारताच्या आग्रहाने आला आणि बेटांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

न्यायालयीन लढाईत हा भेद अधिक उघड झाला. अँटिग्वा आणि तुवालू यांनी २०२१ मध्ये लहान बेटांचा स्वतंत्र आयोग स्थापन केला आणि त्याने सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. हरितगृह वायूंचे उत्सर्जन हे सागरी प्रदूषण ठरते, असे मत न्यायाधिकरणाने मे २०२४ मध्ये दिले. वानुआटूच्या पुढाकाराने हाच प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. डिसेंबर २०२४ मधील सुनावणीत भारताने श्रीमंत देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर भर दिला, पण विद्यमान हवामान करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत, असाही युक्तिवाद केला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने जे एकमताने सांगितले ते बेटांच्या बाजूचे होते. हवामानाचे रक्षण हे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार राष्ट्रांचे कर्तव्य असून त्याचा भंग झाल्यास भरपाईचाही प्रश्न येऊ शकतो. भारताची भूमिका स्वतःच्या विकासाच्या दृष्टीने समजण्याजोगी आहे. दरडोई उत्सर्जनाचा भारताचा मुद्दा बिनतोड आहे, पण डॉमिनिकाच्या दरडोई हिशेबापुढे तो मांडताना आवाज थोडा खाली आणावा लागतो.

आपल्या स्वतःच्या परिसरातील चित्रही पाहण्यासारखे आहे. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांचे इशारे दिल्लीतील हवामान खाते मालदीव, बांगलादेश, म्यानमार, पाकिस्तानपासून ओमान-येमेनपर्यंत तेरा देशांना देते. वादळांची नावेही हेच तेरा देश मिळून ठरवितात. पाकिस्तानने सुचविलेल्या नावाचे वादळ गुजरातकडे निघते आणि त्याचा मागोवा दिल्ली घेते. या सहकार्यात राजकारण आड आलेले नाही. याउलट 'सार्क'कडे पाहावे. मालदीवमधील अड्डू येथे २०११ मध्ये आपत्तीत तातडीने परस्परांना मदत करण्याचा करार झाला. पण ज्या संघटनेची शिखर परिषद २०१४ नंतर भरलीच नाही तिच्या करारावर कोण विसंबणार? सामाईक विमा कोश तर दूरच. परिणामी मालदीव संकटात सापडला की त्याला मदत मिळते ती दिल्लीशी त्या दिवशी त्याचे संबंध कसे आहेत यावर. कराराने मिळालेला हक्क म्हणून नव्हे. कॅरिबियन बेटांनी नेमका हाच फरक ओळखला. शेजाऱ्याच्या चांगुलपणाला त्यांनी हप्ता, नियमावली आणि मुदत यांत बसविले.

१९९१ मध्ये हवामान कराराच्या वाटाघाटी चालू असताना वानुआटूने बेटांच्या संघटनेच्या वतीने एक प्रस्ताव मांडला होता. समुद्र चढल्याने होणारी हानी भरून देण्यासाठी श्रीमंत देशांच्या पैशातून जागतिक विमा कोश स्थापन करावा, अशी ती मागणी. ती फेटाळली गेली. हानी व नुकसान निधी नावाने तिचा अंश मान्य व्हायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि त्यात जाहीर झालेली एकूण रक्कम अजून १०० कोटी डॉलरलाही पोचलेली नाही. एकट्या जमैकाच्या एका वादळाचा हिशेब त्याच्या कितीतरी पट आहे. जगाने नाकारलेली कल्पना बेटांनी १६ वर्षांनी आपल्या ऐपतीप्रमाणे उभी केली, तो हा कॅरिबियन कोश.

या कोशाचे वर्ष दरवर्षी १ जूनला, म्हणजे वादळांच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सुरू होते. त्यापूर्वी प्रत्येक सरकारला ठरवावे लागते की यंदा किती विमा उतरवायचा आणि त्यासाठी शाळा किंवा रस्ते यांच्या तरतुदीतून किती काढायचे. हैतीला ते ठरविण्याचीही ऐपत नाही. त्याचा हप्ता अनेक वर्षे कॅरिबियन विकास बँकेने भरला आहे. भारताला या प्रदेशात आपले स्थान निर्माण करावयाचे आहे आणि चीनने बांधलेली क्रीडांगणे व रस्ते यांच्याशी स्पर्धा करणे त्याला परवडणारे नाही. दिल्लीतील आघाडीच्या कार्यक्रमात आजवर भर राहिला आहे तो तांत्रिक सल्ला आणि प्रकल्पांवर. चार-पाच सर्वांत लहान बेटांच्या हप्त्यात भारताने काही वर्षे वाटा उचलावा, असा निर्णय झाला तर त्याचा खर्च एखाद्या मध्यम पुलाहून अधिक होणार नाही. त्यासाठी परराष्ट्र आणि अर्थ या दोन मंत्रालयांना एका टेबलाशी बसावे लागेल, आणि ते १ जूनच्या आधी.